स्क्रीनवरच्या बारक्या सोयी: कुठल्या कामाच्या, कुठल्या डोक्याला ताप?

तेरणाकाठ

मंडळी, लातूरच्या मोंढ्यातल्या काही आडत दुकानांसाठी पावती-पट्टीचं (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) छोटं अ‍ॅप करतोय. रंग कुठला, लोगो कसा, यावर दुकानदारांशी मन भरेपर्यंत चर्चा झाली. उपयोग शून्य. काम अडतं ते भलत्याच जागी, आणि ती जागा इतकी क्षुल्लक असते की तिची कुणी तक्रारसुद्धा करत नाही. नुसतं वैतागून फोन खिशात घालतात.

नमुना देतो. गाव निवडायची यादी. फोनच्या रुंदीत नाव मावत नाही म्हणून अ‍ॅप शेवट कापतं आणि तीन टिंबं देतं. आता आपल्याकडं गावांची नावं कशी? पिंपळगाव बुद्रुक, पिंपळगाव खुर्द, पिंपळगाव तांडा, पिंपळगाव वाडी. फरक सगळा शेपटाला. यादीत दिसतं काय, तर खाली-वर चार वेळा 'पिंपळगाव…'. करणाऱ्यानं आयुष्यात एकच पिंपळगाव पाहिलं असणार. नाव दोन ओळींत मोडू द्या, नाहीतर मधला भाग कापा न् शेवट ठेवा, खाली बारीक अक्षरात तालुका द्या. झालं.

जिल्ह्याचंही तेच. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. यादीत नवं नाव हवं, त्यात वाद नाही. पण कुणी 'उस्मा' एवढं टाइप केलं तर धाराशिव वर यायला काय हरकत आहे? जुन्या कागदावर जुनं नाव आहे आणि माणूस कागद समोर धरूनच फॉर्म भरतो. अंबाजोगाई कुणी आंबाजोगाई लिहितं, कुणी अंबेजोगाई. तिघांनाही तेच गाव सापडलं पाहिजे.

असे बारकावे सांगा. चांगले बघितले असतील तर तेही सांगा, नुसती रड नको.

खिडकीमागची

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. या विषयावर मी रात्रभर बोलू शकते, पण वीज आहे तोवर लिहून घेते.

ओटीपीपासून सुरू करते. फॉर्म मी भरते, फोन शेतकऱ्याचा. स्क्रीनवर येतं 'ओटीपी पाठवला आहे'. कुठल्या नंबरवर? ते लिहिलेलंच नसतं. दादांकडं दोन सिम, एकाचं रिचार्ज संपलेलं. आधारला जोडलेला नंबर तिसराच, तो मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. आम्ही दोन्ही सिमची वाट बघत बसतो. नंबरचे शेवटचे चार अंक दाखवले असते तर दादांनी पहिल्याच मिनिटाला 'हा पोराचा हाय' म्हणून त्याला फोन लावला असता. काही ठिकाणी हे अंक दाखवतात. तिथं काम किती झटकन होतं ते आमच्यासारख्यांना विचारा.

ओटीपी चुकला की काही ठिकाणी अख्खा फॉर्म रिकामा होतो. चूक सहा अंकांत, शिक्षा सगळ्या रकान्यांना. असं करणाऱ्याला पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला माझ्या खुर्चीवर बसवा, चहा मी पाजते.

आता आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड. अकरा अक्षरं असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य, पुढची सहा शाखेची. पासबुकावरची छपाई पुसट, शून्य आणि ओ सारखेच दिसतात. माणूस ओ टाकतो, संगणक म्हणतो 'अवैध कोड'. अरे, पाचवा शून्यच असतो हे तुला माहीत आहे ना? मग गुपचूप शून्य कर की. आणि कोड पुरा झाला की लगेच खाली बँकेचं नि शाखेचं नाव दाखव. शेतकऱ्याला अकरा अक्षरं तपासता येत नाहीत, पण 'शाखा: गेवराई' वाचून दाखवलं की 'ताई, आवं माझं खातं माजलगावला हाय' हे तो तिथल्या तिथं सांगतो. पैसे भलतीकडं गेल्यावर सहा महिने हेलपाटे घालण्यापेक्षा ही एक ओळ बरी.

खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात. पहिला रकाना ठिपक्यांनी झाकलेला, दुसऱ्यात पेस्ट बंद. समोर पासबुक, मागं रांग, आणि मी काय टाइप केलं ते मलाच दिसू नये? पासवर्ड आहे का तो? त्यापेक्षा आकडे चार-चारच्या गटात मोकळे दाखवा. मी मोठ्यानं वाचते, दादा पासबुकावर बोट ठेवून जुळवतात. चूक असेल तर तिथंच सापडते.

बसलाव_निवांत

ताईला +१००. नांदेडात बी हेच. लॉगिन करलालाव, फॉर्म भरलालाव, सातबारा उघडून गट नंबर बघूस्तोवर 'आपला वेळ संपला'. वेळ संपला म्हणं! आमचा का तुमचा?

परभणीकर_पुण्यात

अशा फॉर्मांच्या मागच्या बाजूला काम करतो, त्यामुळे थोडी शिवी मलाही लागू आहे. पण दोन बाजू मांडतो.

वेळ संपणं हे सुरक्षेसाठी असतं. सेवा केंद्राचा संगणक दहा जण वापरतात, एकाचं लॉगिन उघडं राहिलं तर दुसऱ्याच्या हाती पडतं. तेव्हा मुदत ठेवणं चूक नाही, न सांगता हाकलणं चूक आहे. वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात साफ लिहिलंय की मुदत संपण्याआधी सूचना द्या आणि एका साध्या बटणानं ती वाढवायला किमान २० सेकंद द्या. भरलेलं तात्पुरतं जपून ठेवलं तर परत लॉगिन केल्यावर जिथं होतो तिथून पुढं जाता येतं. त्याच नियमांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. एकाच कामात एकदा दिलेली माहिती विनाकारण पुन्हा मागू नका, हेही त्यात आलं.

आयएफएससीबद्दल मात्र ताई, 'गुपचूप' नको. पैशाच्या रकान्यात यंत्रानं न सांगता काही बदलू नये. ओचा शून्य करा आणि बाजूला लिहा, 'पाचवे अक्षर शून्य केले आहे'. बघणारा बघेल.

आणखी एक. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा तपासणीचा असतो. याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये ही रीत मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही. हे पडताळायला सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही, फोनमध्येच होतं. तरीही कित्येक फॉर्म चुकलेला आधार नंबर तसाच घेतात, शेवटपर्यंत भरू देतात, आणि सबमिट दाबल्यावर वर लाल अक्षरात 'माहिती चुकीची आहे' एवढंच म्हणतात. कुठली माहिती, ते तुम्ही शोधा! चूक त्या रकान्याखाली, तो रकाना सोडला की लगेच दाखवायची. मात्र अंक टाकत असतानाच ओरडायचं नाही. तिसऱ्या अंकालाच 'बारा अंक हवेत' म्हणणारे फॉर्म बघितलेत, मला तर ते भांडकुदळ वाटतात.

मोबाइल नंबरचं सगळ्यात सोपं. कुणी आधी +९१ लावतं, कुणी शून्य, कुणी मध्ये जागा सोडतं. घ्या सगळं, आणि आतल्या आत दहा अंक काढून ठेवा. अंकांच्या रकान्यात अंकांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये इनपुटमोड म्हणून एक खूण आहे, ती एका शब्दात लागते. न लावणाऱ्याला आळशीच म्हणायचं.

शिरोरेखा

हिंगोलीकडची. शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात लग्नपत्रिका-बॅनरांची अक्षरजुळणी करते, म्हणून माझी तक्रार अक्षरांची.

इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या चौकटीत मराठी ओतलं की वरची वेलांटी नि खालचा उकार कापला जातो. 'तूर' हवी असते, दिसते 'तर'. मराठीला वर-खाली जास्त जागा लागते, ओळींतलं अंतर वाढवा. मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून लांब-लांब ठेवायची हौस असते, इंग्रजीत ती शोभते. आपल्याकडं शिरोरेषा तुटते आणि शब्द पडक्या कुंपणासारखा दिसतो. बटणावर तर हे अजिबात करू नका.

वेबपानाच्या भाषेच्या खुणेत 'मराठी' लिहायलाही बरेच जण विसरतात. ती असली तर काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. वाचता दोन्ही येतात, पण पुस्तकाच्या वळणाला सरावलेला माझा चौथीतला पोरगा हिंदी ल पाशी अडखळतो.

आणि नावाच्या रकान्यातली मर्यादा! 'क्षितिज' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा. संगणक मोजतो सात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. वीस अक्षरांची मर्यादा ठेवली की इंग्रजी नाव ऐसपैस बसतं आणि आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव आडनावाच्या दारात अडकतं.

तेरणाकाठ

@शिरोरेखा, यावरून आठवलं. पट्टीचा एसएमएस मराठीत पाठवायचा आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०च, आणि तीही संगणकाच्या मोजणीनं. सध्या मजकूर सुरू होतो 'आदरणीय शेतकरी बांधव, आपल्या मालाची…' आणि भाव दुसऱ्या तुकड्यात जातो. कीपॅडच्या फोनवर पहिल्या ओळीत काय हवं?

मोसंबीवाला

भाव. मग वजन. मग हाती येणारी रक्कम. आदर पट्टीत दाखवा, एसएमएसमध्ये नको.

जालन्याहून लिहितोय, बाग आहे. माझं म्हणणं उन्हाचं. एप्रिलमध्ये दुपारी बांधावर उभं राहून फिकट करड्या रंगातली अक्षरं वाचून दाखवा, हजार रुपये देतो. एसीतल्या स्क्रीनवर ते करडं फार नाजूक दिसतं म्हणे. रकान्यात आतच फिकट 'गट क्रमांक टाका' लिहिलेलं असतं, दाबलं की तेही गायब, मग कुठल्या रकान्यात काय टाकत होतो ते आठवत बसा. रकान्याचं नाव रकान्याच्या वर, काळ्या अक्षरात, कायम.

बोटांचं एक. फवारणी करताना, कापूस वेचताना हात कसे असतात माहीत आहे ना? एवढंसं बटण लागत नाही, शेजारचं लागतं. आणि शेजारचं नेमकं 'हटवा'.

परभणीकर_पुण्यात

@मोसंबीवाला, दोन्हीला आकडे आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक हवा असं तेच नियम सांगतात, मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १ चालतो. अँड्रॉइड म्हणतं, बोट लागायची जागा निदान ४८ डीपी (हे स्क्रीनवरचं माप) असू द्या, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ॲपल म्हणतं ४४ पॉइंट. चित्र छोटं असलं तरी चालेल, भोवतालची दाबायची जागा मोठी ठेवायची. आणि 'हटवा' हे 'जतन करा'च्या शेजारी ठेवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

दुधनाकाठ

निवृत्त माणूस, महसुलात नोकरी झाली. तुमची चर्चा वाचतोय. क्षेत्राच्या रकान्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर, आर, चौरस मीटर असं. १.०५.०० म्हणजे एक हेक्टर पाच आर (शंभर आरचा एक हेक्टर). ऑनलाइन फॉर्ममध्ये बहुधा एकच रकाना असतो, 'क्षेत्र (हेक्टर)'. शेतकरी तोंडानं म्हणतो, 'एक हेक्टर पाच आर'. भरणारा टाकतो १.५. झालं, एक हेक्टर पन्नास आर! फरक ४५ आरचा, म्हणजे एकराहून जास्त. माणूस खोटं बोलला नाही, भरणाऱ्यानं ऐकलं तेच टाकलं, तरी कागद खोटा झाला. पुढं पडताळणीत अर्ज अडकला की बोंब शेतकऱ्याच्या नावानं.

यात लोकांना शिकवण्यासारखं काही नाही, रकानाच मोडायला हवा. एक हेक्टरचा, दुसरा आरचा. आरच्या रकान्यात ९९ च्या वर जाऊ देऊ नका. आणि खाली आपोआप लिहून येऊ द्या, 'म्हणजे सुमारे २ एकर २४ गुंठे'. शेतकऱ्याच्या डोक्यात जमीन एकर-गुंठ्यातच असते. १.५ टाकलं असतं तर खाली '३ एकर २८ गुंठे' आलं असतं, आणि समोरचा म्हातारा खुर्चीवरून उठून म्हणाला असता, 'साहेब, एवढी असती तर इथं कशाला आलो असतो?'

खिडकीमागची

काका, अगदी बरोबर. हे माझ्यासमोर घडताना बघितलंय. त्या एका टिंबापायी माणसं तालुक्याला फेऱ्या मारतात.

तेरणाकाठ

काका, तुम्ही माझी झोप उडवली. क्विंटल-किलोचं हेच की! बारा क्विंटल चार किलो कुणी १२.४ टाकलं तर बारा क्विंटल चाळीस किलो. ३६ किलोचा फरक, सोयाबीनच्या भावानं धरा. आजच दोन रकाने करतो.

बसलाव_निवांत

कुणी चांगलं बी सांगा की राव. मी सांगतो: दुकानातला तो बोलणारा डबा. पैसे आले की मोठ्यानं मराठीत सांगतो. हात पिठात असले तरी आईला कळतंय की आले. स्क्रीन बघायची गरजच नाय.

दुधनाकाठ

चांगलं म्हणाल तर माझं मत मतदान यंत्राला. निवडणुकीच्या ड्युट्या केल्यात. राजकारण इथं आणू नका, फक्त बटणाबद्दल बोलतो. उमेदवाराच्या ओळीतच त्याचं निळं बटण, दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा, शेजारच्या खिडकीत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, आणि लांब बीप. बाहेर बसलेल्या आम्हालाही कळतं की मत पडलं. अंध मतदारासाठी ब्रेल अंक आहेत. अक्षरओळख नसलेली म्हातारी आत जाते आणि कुणाला न विचारता बाहेर येते.

परभणीकर_पुण्यात

मान्य, पण त्या यंत्राला एकच काम आहे, काका. चाळीस रकान्यांच्या फॉर्मला तेवढं सरळ करता येत नाही.

दुधनाकाठ

चाळीस रकाने कुणी मागितले?

शिरोरेखा

😂 काका जिंकले.

परभणीकर_पुण्यात

हरलो. पण त्यातला 'दाबलं हे कळणं' हा भाग कुठंही उचलता येतो. आपल्याकडं नेटवर्क रांगतं. माणूस 'पैसे भरा' दाबतो, काहीच हलत नाही, परत दाबतो. मग दोनदा कापले गेले म्हणून बोंब. पहिल्या स्पर्शालाच बटण बंद व्हावं आणि त्यावर लिहून यावं, 'पाठवत आहोत, थांबा'. नुसतं फिरणारं चाक पुरत नाही, चाक फिरतंय म्हणजे काम चाललंय याची खात्री कुणालाच वाटत नाही. नेट गेलं तर तसं स्पष्ट सांगा.

तेरणाकाठ

दोन गोष्टी अजून ठरत नाहीत. पहिली, पावती रद्द करताना 'खात्री आहे का?' विचारायचं का? दुसरी, अंक मराठी दाखवायचे की इंग्रजी?

खिडकीमागची

'खात्री आहे का?' कुणी वाचत नाही. हात आपोआप 'होय'वर जातो, माझाही जातो. विचारायचंच असेल तर बटणावर काम लिहा: एका बटणावर 'पावती रद्द करा', दुसऱ्यावर 'राहू द्या'. पण त्यापेक्षा चूक मागं घेता यावी हे बरं. जीमेलमध्ये पाठवलेली मेल परत ओढायला ५ ते ३० सेकंद मिळतात, तसं काहीतरी.

मोसंबीवाला

आडतीत पावतीपुस्तकातलं पान फाडत नाहीत. आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितात, क्रमांक तसाच राहतो. अ‍ॅपमध्येही तेच करा. पावती गायब झाली की मुनीमजीवर संशय, रेघ मारलेली दिसली की कुणावरच नाही.

परभणीकर_पुण्यात

मोसंबीवाल्यांचं ऐका. अंकांबाबत: दाखवताना मराठी की इंग्रजी हे दुकानदाराला निवडू द्या, घेताना दोन्ही घ्या. इथं एक खड्डा आहे. फोनवरचा फॉर्म ज्या जावास्क्रिप्ट भाषेत चालतो तिला '१२' हा आकडा वाटतच नाही, ती तो मजकूर समजते. सर्व्हरवर पायथन भाषा असेल तर ती तोच '१२' बिनतक्रार आकडा म्हणून घेते. त्यामुळे फोनवर चुकीचं ठरलेलं सर्व्हरवर बरोबर ठरतं आणि तुम्ही डोकं धरून बसता. रकान्यातून आलेले मराठी अंक पहिल्या पायरीलाच बदलून घ्या. स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं, १२,३४,५६७ असे.

शिरोरेखा

पट्टीवर छापताना मराठीच ठेवा हो. बाकी तुमची मर्जी.

खिडकीमागची

रकमेच्या रकान्याखाली अक्षरी रक्कमही येऊ द्या, टाइप करता करता. ५०००० आणि ५००००० यातला फरक घाईत डोळ्याला दिसत नाही. 'पन्नास हजार' आणि 'पाच लाख' कुणीही ओळखतं.

तेरणाकाठ

हे घेतलंच. १,५०,००० ला 'दीड लाख' लिहू की 'एक लाख पन्नास हजार'? मोंढ्यात दीडच म्हणतात.

दुधनाकाठ

छापील पट्टीवर 'एक लाख पन्नास हजार'. उद्या बँकेत दाखवायची वेळ आली तर दीडवर कारकून हरकत घेईल. स्क्रीनवर दीड चालेल.

तेरणाकाठ

ठीक. मग दोन्ही. गावांच्या यादीचं काम आजच्यात उरकतोय. ज्यांच्या तालुक्यात एकाच नावाची दोन-तीन गावं आहेत त्यांनी इथंच लिहा, तालुक्यासकट, म्हणजे तपासायला घेतो.

बसलाव_निवांत

घ्या, वडगावपासून चालू करा. दमताव का बघू.